स्टेंटच्या म्यानातील घर्षण : कमी कोठे करावे, राखावे कोठे?

यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला घर्षण म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. ताण्याच्या सुताला कांजी नीट बसली नसेल तर फणीत घासून सूत तुटते आणि माग उभा राहतो. सायकल दुरुस्त करणाऱ्यालाही ते ठाऊक असते. ब्रेकची तार आवरणात गंजली की मूठ दाबली तरी चाक थांबत नाही. ओढ तारेतच जिरते. आज या पानावर अशाच एका तारेची आणि आवरणाची माहिती घेऊ. फरक इतकाच की ही तार माणसाच्या रक्तवाहिनीत जाते आणि तिच्या टोकाशी स्टेंट असतो.

हा विषय डॉक्टरांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. स्टेंट आणि त्याची नळी कारखान्यात बनते. त्यासाठी तार विणावी लागते, नळी ओतावी लागते, साचे आणि मँड्रेल घडवावे लागतात, धातूची धार मारावी लागते. सुरतेत स्टेंट बनवणाऱ्या सहजानंद समूहाची सुरुवात हिरे कापण्याच्या लेझर यंत्रांपासून झाली. हिऱ्यावर चालणारे हुनर पुढे स्टेंटच्या जाळीवर चालले. म्हणून या धंद्यातील अडचण कोठे असते, हे कारागिराने आणि सुट्या भागांचा व्यापार करणाऱ्याने समजून घेणे फायद्याचे आहे.

स्टेंट आणि त्याचे म्यान

स्टेंट म्हणजे धातूच्या बारीक जाळीची नळी. अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणे हे तिचे काम. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात स्टेंट एका लांबट फुग्यावर दाबून बसवलेला असतो. जागेवर नेऊन फुगा फुगवला की जाळी पसरते आणि तशीच राहते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत बहुधा हाच प्रकार वापरतात.

दुसरा प्रकार आपोआप उघडणारा. तो निटिनॉल या निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूचा असतो. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत १९६० च्या सुमारास या धातूचे गुण ध्यानात आले. त्याला दाबून लहान केले आणि सोडले की तो पुन्हा मूळ आकार घेतो. पायाच्या आणि मानेच्या रक्तवाहिन्यांत हा प्रकार चालतो, कारण बाहेरून दाब आला तरी तो चेपून राहत नाही.

हा स्टेंट रोग्याच्या शरीरात नेण्यासाठी त्याला दाबून एका बारीक नळीत कोंडतात. या बाहेरच्या नळीला आपण म्यान म्हणू. आत दुसरी नळी असते, ती दांडी. तिच्यावर स्टेंटच्या मागे एक अडसर असतो. जागेवर पोहोचल्यावर डॉक्टर दांडी स्थिर ठेवून म्यान मागे ओढतात. म्यान सरकेल तसा स्टेंट उघडतो.

या नळ्यांची जाडी ‘फ्रेंच’ या मापात सांगतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मि.मी. हे माप पॅरिसच्या शारिएर या उपकरणकाराने रूढ केले. त्याची उमेदवारी चाकू बनवणाऱ्याकडे झाली होती. आज ६ फ्रेंच, म्हणजे २ मि.मी. जाडीच्या म्यानात ७ मि.मी. रुंद उघडणारा स्टेंट मावतो. तो किती जोराने दाबलेला असेल आणि म्यानाच्या भिंतीला आतून किती रेटत असेल, याची कल्पना यावरून येईल. या रेट्यामुळेच घर्षण होते. स्टेंट जितका लांब, तितकी भिंतीला टेकणारी जागा जास्त आणि तितकी ओढही जास्त.

वळणांचा हिशोब

नळी सरळ असती तर काम सोपे होते. पण पायातील स्टेंट पुष्कळदा एका जांघेतून आत घालून, पोटात रक्तवाहिनीच्या फाट्यावरून वळवून, दुसऱ्या पायात उतरवावा लागतो. तेथे घोड्याच्या नालेसारखे वळण पडते.

बंदरावरचा खलाशी दोराचे दोन-तीन वेढे खुंटाला देऊन एका हाताने मोठे गलबत रोखतो. दोराची ताकद वाढलेली नसते. प्रत्येक वेढ्याबरोबर घर्षण ओढीला गुणत जाते. हा नियम गणिती ऑयलर आणि अभियंता आयटेलवाइन यांच्या नावाने ओळखला जातो. खलाशाच्या कामी येणारा हा नियम स्टेंटच्या नळीत डॉक्टरांच्या विरुद्ध जातो.

हिशोब करून पाहू. दोन पृष्ठभाग एकमेकांवर किती घासतात ते घर्षणाच्या गुणांकाने सांगतात. साध्या नायलॉनसारख्या प्लास्टिकचा गुणांक सुमारे ०.३ धरू आणि टेफ्लॉनचा सुमारे ०.१. नियम असा :

गुणांक ०.३ असेल तर दर अर्ध्या वेढ्याला ओढ २.५७ पट होते.
गुणांक ०.१ असेल तर दर अर्ध्या वेढ्याला ओढ १.३७ पट होते.

समजा, टोकाशी स्टेंटवरून म्यान सरकवायला ४ न्यूटन ओढ लागते. १ न्यूटन म्हणजे साधारण १०० ग्रॅम वजनाची ओढ. आता मुठीशी किती ओढ लागेल?

अर्धा वेढा : पहिल्या नळीत सुमारे १०.३ न्यूटन, दुसरीत ५.५.
पूर्ण वेढा : पहिल्या नळीत सुमारे २६.४ न्यूटन, दुसरीत ७.५.
दीड वेढा : पहिल्या नळीत सुमारे ६८ न्यूटन, दुसरीत १०.३.

गुणांक तिसऱ्या हिश्श्यावर आला, पण दीड वेढ्याला ओढ साडेसहा पटींनी उतरली. म्हणून या धंद्यात गुणांक थोडा जरी कमी झाला तरी त्याला मोल असते. शरीरातील सर्व लहान-मोठी वळणे या हिशोबात मिळवावी लागतात.

ओढ जास्त लागली तर काय बिघडते?

डॉक्टर थोडा जोर लावतील, त्यात काय, असे वाटेल. पण जोर लावल्यावर काय होते ते पाहा. म्यान प्लास्टिकचे असल्याने ताणले जाते आणि आतील दांडी दबते. मुठीकडे म्यान काही मिलिमीटर मागे आले तरी टोकाशी ते जागचे हललेले नसते. ओढ नळीत साठत जाते, ताणलेल्या रबरासारखी. मग घर्षण एकदम सुटते आणि स्टेंट पुढे उडी मारतो, आखडतो किंवा लांबतो.

काही मिलिमीटरची चूक झाली तरी रोगट भाग उघडा राहू शकतो किंवा स्टेंट एखाद्या फाट्याच्या तोंडावर बसू शकतो. निटिनॉलचा स्टेंट उघडला की तो उचलून पुन्हा बसवणे सहसा जमत नाही. घर्षणाची किंमत येथे रोगी मोजतो.

पहिला उपाय : अस्तर

म्यान एकाच प्लास्टिकचे नसते. पुष्कळ म्यानांत तीन थर असतात. आत टेफ्लॉनचे अस्तर, मध्ये पोलादी तारेची विणलेली जाळी आणि बाहेर नायलॉनच्या जातीचे मऊ प्लास्टिक. अस्तर घर्षण कमी करते. जाळीमुळे नळी वळणावर चेपत नाही आणि ताणही कमी घेते. बाहेरचा थर सगळ्यांना एकत्र धरतो.

टेफ्लॉनचा शोध १९३८ साली अमेरिकेतील ड्युपाँ कंपनीच्या रॉय प्लंकेट यांना अचानक लागला. ते कशालाही चिकटत नाही, हा त्याचा गुण. पण कारखान्यात तोच गुण अडचण होतो, कारण बाहेरचा थरही त्याला धरत नाही. म्हणून अस्तराची बाहेरची बाजू सोडियमच्या रसायनात भाजून घेतात. ती बाजू तपकिरी होते आणि मग पकड घेते. ही पकड अतिनील प्रकाशात कमजोर होते, म्हणून असा माल अंधारात, झाकून ठेवावा लागतो. गोदामात उन्हाच्या खिडकीशी ठेवलेला माल बाहेरून चांगला दिसेल, पण उपयोगात त्याचे थर सुटू शकतात.

दुसरी गोष्ट निर्जंतुकीकरणाची. गॅमा किरणांनी टेफ्लॉन ठिसूळ होते. त्यामुळे असे अस्तर असलेली उपकरणे साधारणपणे इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करतात. कोणते अस्तर घ्यावे, याचा निर्णय घेतानाच माल कोणत्या रीतीने शुद्ध होणार हे ठरवावे लागते.

दुसरा उपाय : पाण्याने निसरडा होणारा लेप

पावसाळ्यात फरशीवरचे शेवाळ जसे ओले झाले की निसरडे होते, तसा हा लेप आहे. तो पाणी धरून ठेवणाऱ्या रसायनाचा असतो. कोरडा असताना हाताला साधा लागतो. सलाईनने भिजवला की फुगतो आणि पाण्याचा पातळ थर पृष्ठभागावर धरतो. घर्षण मग त्या पाण्यावर होते. म्यानाच्या बाहेरच्या बाजूला तो देतात, म्हणजे रक्तवाहिनीतून नळी सहज पुढे जाते.

पण लेप नीट बसला नाही तर त्याचे कण सुटतात आणि रक्ताबरोबर वाहून पुढे अडकू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१५ मध्ये अशा लेपांच्या सुटण्याबद्दल डॉक्टरांना आणि कारखानदारांना सावध केले होते. कोरड्या कापडाने घासणे, चुकीच्या द्रवाने पुसणे, न भिजवता वापरणे, यांमुळेही लेप बिघडतो. निसरडेपणा जेवढा महत्त्वाचा, तेवढीच लेपाची पकडही.

तिसरा उपाय : सरकवू नका, उलटवा

पायमोजा पायावरून दोन रीतींनी काढता येतो. तोंड धरून सरळ ओढला तर तो सगळ्या पायावर घासतो. वरून दुमडून उलटवत नेला तर फक्त दुमड पुढे जाते, बाकी मोजा जागेवरून सोलल्यासारखा निघतो. माणसाच्या हृदयात पहिले स्टेंट १९८६ साली बसवले गेले, फ्रान्समध्ये जॅक प्युएल यांनी आणि स्वित्झर्लंडमध्ये उलरिक सिगवार्ट यांनी. ते विणलेल्या तारेचे, आपोआप उघडणारे स्टेंट होते आणि दुमडलेल्या पातळ पडद्याखाली दाबून ठेवले जात. पडद्याच्या दोन पदरांमध्ये दाबाने द्रव भरून पदरांचे घर्षण कमी करीत आणि पडदा मागे उलटवीत. स्टेंटवर कापड घासतच नाही, हा त्यातील हिशोब. आजची सरळ म्याने बनवायला सोपी असल्याने जास्त चालतात, पण लांब स्टेंटसाठी उलटवण्याची युक्ती अजूनही विचारात घेण्याजोगी आहे.

चौथा उपाय : धातूची सफाई

स्टेंट बारीक नळीतून लेझरने कापतात. कापल्यावर कडांना वितळलेल्या धातूचे कण आणि खरखरीत धार राहते. ती तशीच राहिली तर अस्तर कितीही चांगले असो, कड त्यात रुतेल. म्हणून स्टेंटला आम्लाच्या द्रावणात ठेवून विजेने पॉलिश करतात. सामान्य पॉलिश हाताने घासून होते. येथे वीज उंचवटे आधी विरघळवते आणि कड गोल होते. धार राहिलेला भाग पुढच्या प्रत्येक भागाला खराब करतो, हे लोहाराला आणि फिटरला सांगायला नको.

पाचवा उपाय : मूठ आणि तिसरी नळी

म्यान मागे सरकते तेव्हा ते शरीरात शिरण्याच्या तोंडाशी असलेल्या रबरी झडपेतही घासते. त्यामुळे डॉक्टरांच्या नकळत सगळे उपकरणच पुढे-मागे हलते. काही उपकरणांत म्यानावर आणखी एक स्थिर नळी घालतात. झडप त्या स्थिर नळीला धरते आणि म्यान तिच्या आत मोकळे सरकते. मुठीत दातेरी चाक दिले तर ओढ हळूहळू आणि मोजून देता येते. चाकामुळे हाताला जोर कमी पडतो, पण नळीतील ताण कमी होत नाही. म्हणून चांगली मूठ हा वाईट अस्तरावरचा इलाज नव्हे.

जेथे घर्षण हवेच

आतापर्यंत घर्षण कमी करण्याचे सांगितले. पण सगळी नळी तेल लावल्यासारखी केली तर काय होईल?

फुग्यावर बसवलेल्या स्टेंटचा इतिहास पाहा. सुरुवातीच्या काळात अनेक डॉक्टर स्टेंट स्वतःच्या बोटांनी फुग्यावर दाबून बसवत. वळणावर अडकून तो फुग्यावरून निसटण्याचे प्रसंग घडले. रक्तवाहिनीत सुटलेला स्टेंट ही मोठीच आपत्ती. पुढे कारखान्यातच यंत्राने चारी बाजूंनी सारखा दाब देऊन स्टेंट बसवू लागले. तो किती घट्ट बसला हे मोजण्यासाठी मानके झाली. तेथे स्टेंट आणि फुगा यांच्यात पकड लागते. फुग्याला निसरडा लेप चुकीच्या जागी लागला तर ती जाते.

आपोआप उघडणाऱ्या स्टेंटमध्येही तसेच. बाहेर म्यान निसरडे हवे, पण आत दांडीने स्टेंटला धरून ठेवले पाहिजे. काही रचनांत दांडीवर मऊ प्लास्टिकचा पट्टा असतो, त्यात जाळी किंचित रुतून बसते. डॉक्टर जेथे नळी हातात धरतात तो भागही बहुधा लेपाविना ठेवतात, कारण ओल्या हातमोज्यातून निसटणारी नळी काय कामाची?

म्हणून या विद्येचे सार एका वाक्यात सांगता येते. घर्षण बाहेर कमी, आत पुरेसे आणि प्रत्येक जागी ठरलेले असावे. चांगला रचनाकार कागदावर नळीचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यापुढे लिहितो : येथे सरकले पाहिजे, येथे धरले पाहिजे.

तपासणीतील तीन फसव्या गोष्टी

पहिली, तापमान. निटिनॉल थंडीत मऊ होते आणि उष्णतेत ताठ. म्यानात भरताना त्याला मुद्दाम थंड करतात, म्हणजे ते सहज दबते. पण शरीरात ३७ अंश सेल्सिअसला ते भिंतीला जास्त रेटते. वातानुकूलित खोलीत घेतलेली ओढीची नोंद म्हणून कमी दिसते. चाचणी ३७ अंशाच्या पाण्यातच करावी लागते.

दुसरी, सरळपणा. टेबलावर सरळ ठेवलेली नळी उत्तम चालते. वळणांचा हिशोब आपण वर पाहिला. चाचणीचा मार्ग शरीरातील मार्गासारखा वळणाचा असला पाहिजे.

तिसरी, वेळ. स्टेंट म्यानात महिनोन् महिने दाबलेला राहतो. जाळीच्या पट्ट्या हळूहळू अस्तरात रुततात आणि त्यांचे ठसे उमटतात. त्यामुळे पहिला झटका द्यायला लागणारी ओढ नव्या मालापेक्षा वाढते. म्हणून माल उबदार कपाटात ठेवून जलद जुना करतात आणि मग ओढ मोजतात. नोंद करताना सुरुवातीची सर्वांत मोठी ओढ आणि नंतरची सततची ओढ, दोन्ही वेगळ्या लिहाव्यात. सरासरीत पहिला झटका लपतो आणि स्टेंटची उडी त्या झटक्यातच असते.

कारागीर आणि व्यापारी बंधूंनी काय घ्यावे?

भारतात वैद्यकीय उपकरण नियम २०१७ साली आले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. हृदयाचे स्टेंट त्यांत सर्वांत जोखमीच्या ‘डी’ वर्गात मोडतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. तेव्हा साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये ठरले. किंमत बांधली गेली की कारखानदाराचे लक्ष नासधूस कमी करण्याकडे वळते. सफाईने काम करणाऱ्या पुरवठादाराला तेथे वाव आहे.

पण या धंद्याची एक अट आपल्या नेहमीच्या धंद्याहून कडक आहे. यंत्रमागाचा एखादा भाग बनवताना आपण हाताशी असलेले वंगण वापरतो, एका कंपनीची तार संपली तर दुसरीची घेतो आणि काम पुढे नेतो. येथे ते चालत नाही. साच्याला लावलेले वेगळे तेल नळीवर अंशाने राहिले तर बाहेरचा लेप धरत नाही. तारेची चमक बदलली तर जाळीची पकड बदलते. भाग हातात घेतला तर तसाच दिसतो; बिघाड महिन्यांनी आणि दुसऱ्याच्या शरीरात उघड होतो. म्हणून माल, वंगण, पुरवठादार किंवा पद्धत बदलायची असेल तर आधी लेखी कळवावे आणि मंजुरी आल्यावरच बदलावे. प्रत्येक घाणीची नोंद ठेवावी. इमानदार कारागिराला हे ओझे वाटू नये; त्याच्या कामाचा तो पुरावाच आहे.

सरावासाठी

१. टोकाशी ३ न्यूटन ओढ लागते. नळीला एकूण एक पूर्ण वेढा आहे. गुणांक ०.३ आणि ०.१ असताना मुठीशी किती ओढ लागेल? (उत्तर : सुमारे १९.८ आणि ५.६ न्यूटन.)

२. आपण रोज वापरता त्या एका यंत्राचा कागदावर नकाशा काढा. जेथे सरकले पाहिजे तेथे एक खूण, जेथे धरले पाहिजे तेथे दुसरी खूण करा. दोन्ही खुणा जेथे शेजारी येतील, तेथेच त्या यंत्राचा बिघाड वारंवार होत असेल. वंगण देताना सर्वांत जास्त काळजी त्याच जागी घ्यावी.